मान

गाडी दारात येऊन थांबली तेव्हा इंद्रभान पुतळ्याला दोर बांधत होता. पुतळा त्याच्या बायकोने, पूनमने घडवलेला. कापूस वेचणारी बाई, माणसाएवढी, सगळी भंगारातल्या लोखंडाची. पाठीला ट्रॉलीचा वाकलेला पाटा, बोटांना विळ्यांची मोडकी पाती, कमरेच्या ओटीला जाळी. उद्या सकाळी तिला नागपूरच्या प्रदर्शनात उभं राहायचं होतं.

इंद्रभानची आई, सुभद्राबाई, शेडमध्ये आली. तिच्या डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून पूनमने तिला वेल्डिंगच्या आसपास फिरकू दिलं नव्हतं. पुतळा ती आज पहिल्यांदाच पाहत होती.

ती त्याच्याभोवती एकदा फिरली. पाठीच्या पाट्यावर तिने हात ठेवला.

"हे मीच ना वं?"

"हाव आई. तुमीच," बाजूला उभी पूनम म्हणाली.

"पाठ बरोबर हाय. हातबी. मान चुकली."

पूनमचा चेहरा उतरला. पाठीवरून मानेत आणि मानेतून खाली मातीकडे उतरत जाणारी एकच रेघ. चार महिन्यांच्या कामात तिला सगळ्यात जास्त तीच साधली होती.

"येचतानी मान खालीच राह्यते ना, आई."

"साऱ्याइची राहे. माही नोयती राहत."

"आई, आता काय मान घेऊन बसली?" इंद्रभान वैतागला. "गाडी उभी हाय. नागपूरवाल्याइले काय समजते त्यातलं?"

सुभद्राबाईने त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. गुडघ्यावर एक हात टेकून ती हळूच कमरेत वाकली. मग दोन्ही हात पुढे घेतले. नसलेल्या झाडाची नसलेली बोंडं तिची बोटं वेचू लागली. मान मात्र वर होती, डावीकडे वळलेली, दूर कुठेतरी लागलेली. गळ्याची शीर ताणून दिसत होती.

पूनम पाहतच राहिली. "तिकडं काय होतं, आई?"

"वावराच्या कडंले, धुऱ्यावर, बाभूळ होती. तिले झोळी बांधेल राहे. मुंगळे दोरीवरून उतरत खाली, झोळीत." सुभद्राबाई तशीच वाकून बोलत होती. "मालक ओरडे, बाई, खाली पाह्य. कापूस काय, हातच येचत. डोये तिकडं."

दोराची गाठ मारता मारता इंद्रभान थांबला.

"झोळीत कोण?"

"कोण म्हंजे? तूच. सहा महिन्याचा होता."

मग पूनमने इंद्रभानच्या हातातला दोर सोडवून घेतला. "गाडीवाल्याले अर्धा तास थांबाले सांगा," ती म्हणाली. "दोनले लाईट जाते. त्याच्या आत करू."

ती ग्राइंडर घेऊन पुतळ्याजवळ गेली. त्या रेघेवरून तिने एकदा बोट फिरवलं आणि बटण दाबलं.

कापलेलं डोकं इंद्रभानने हातमोजे घातलेल्या हातांत झेललं. ते त्याला वाटलं होतं त्याहून जड होतं. डावीकडे उभं राहून त्याने ते पुन्हा गळ्यावर धरलं, दोन्ही तळव्यांत गाल धरल्यासारखं.

"वर," सुभद्राबाई म्हणाली. "अजून वर. एवढी नाही रे. हां. आता जराशी तुह्याकडं फिरव."

त्याने फिरवलं.

"बस. हे माही मान."

"आई, तुमी पाठ करा इकडं," पूनम म्हणाली. "डोयाले झळ लागन. अन् तुमी, हलू नका बरं."

सुभद्राबाईने भिंतीकडे तोंड केलं आणि पदर डोळ्यांवर ओढला. इंद्रभानने मान वळवून डोळे घट्ट मिटले. पूनमने तोंडासमोर काच धरली. ठिणग्या त्याच्या मोज्यांवर पडत होत्या, एक मनगटावर पडली. तो हलला नाही. समोरून, बाजूने, मागून, असा पूनमने गळ्याभोवती पुरता टाका फिरवला.

"झालं," काच खाली घेत ती म्हणाली. "पक्की बसली. सोडा आता."

इंद्रभानने डोळे उघडले आणि मान वळवली. लोखंडी चेहऱ्याला नाक नव्हतं, डोळे नव्हते, नुसता ठोकून गोल केलेला पत्रा. तो अगदी त्याच्या तोंडासमोर होता. त्याने हात काढले नाहीत.

"थांब जराशी," तो म्हणाला.