अर्धी मेमरी

संगणकात सोळा जीबी मेमरी बसवलेली होती, पण वापरता येते ती आठच, असं तो दाखवत होता. शेवटी दुरुस्तीवाल्याला घरी बोलावलं.

त्याने मेमरीच्या दोन्ही पट्ट्या काढून पुसल्या, जागा बदलून लावल्या. फरक नाही. मग त्याने एकच पट्टी ठेवली, आठ जीबीची. आता पडद्यावर वापरण्याजोगी मेमरी चार.

"काका, हा तर वाटणी करतोय!" तो हसला. "घरात आणखी कोण वापरतं?"

"कोणी नाही," मी म्हणालो.

बायको जाऊन वर्ष झालं. तिला तिच्या आईविषयी काही लिहायचं होतं. "दुपारी थोडा वेळ मला बसू द्या ना," असं ती म्हणायची. माझ्या कादंबरीचं एवढं प्रकरण संपू दे, असं मी म्हणायचो. माझी प्रकरणं काही संपली नाहीत, आणि ती कुणी वाचलीही नाहीत. तिने विचारणं नेमकं कधी सोडलं, हेसुद्धा मला सांगता येणार नाही.

दुरुस्तीवाल्याने मशीन बंद केलं, प्लग काढला आणि टॉर्च घेऊन तो टेबलाखाली शिरला. खोलीत आम्ही दोघंच होतो. काम करणाऱ्या माणसाच्या जवळ घुटमळायला मला संकोच वाटतो, म्हणून मी लांब दारातच उभा होतो.

टेबलाखालून त्याचा आवाज आला, "काकू, बंद मशीनवर काय टाइप करताय? पाय जरा मागे घ्या ना."