वर राहिलेलं वजन

सोमवारी सकाळी सात वाजता अण्णा कासार पालिकेच्या घड्याळाला चावी द्यायला मनोऱ्यात चढले. दर सोमवारी दांडा फिरवून ते लोखंडी वजन वर चढवत. ती मेहनत वजनात साठे. मग आठवडाभर हळूहळू खाली उतरत वजन घड्याळ चालवी. आज वजन वरच होतं, तरी घड्याळ चालू होतं. तबकडीमागे नवी मोटर होती.

त्यांनी पालिकेत वायरमन असलेल्या लेकीला फोन लावला.

"मोटर तू बसवलीस?"

"मागच्या सोमवारी, तुम्ही उतरल्यावर. गुडघे दुखतात ना, अण्णा!"

"आठवडाभर माझ्यासमोर जेवलीस आणि बोलली नाहीस?"

"सांगितलं असतं तर बसवू दिली असती?"

दहा वाजता ती मनोऱ्याशी आली. दार आतून बंद होतं.

"मोटर काढणार असशील तर उघडतो," अण्णा म्हणाले.

तिने अजून हो म्हटलेलं नाही.