हललं तरच उजेड
आर्किटेक्ट मुलानं वीज वाचवणारं घर बांधलं. पाच मिनिटं खोलीत कुणी हललं नाही, की दिवे आपोआप विझायचे. त्याचे बाबा घड्याळं दुरुस्त करायचे, श्वास रोखून, पुतळ्यासारखे बसून. एका संध्याकाळी त्यांनी जुन्या गिऱ्हाईकाचं मनगटी घड्याळ उघडलं आणि नेमका काळोख झाला. वैतागून हात हलवले. उजेड आला, पण चिमट्यातला इवलासा स्क्रू उडाला. आईबाबा तासभर जमिनीवर रांगले, तेव्हा कुठं तो सापडला. “बाबा, जरा हलत राहा ना, तब्येतीलाही चांगलं,” मुलानं सुचवलं. दुसऱ्या दिवशी मुलगा घरी आला, तर आई झुलती खुर्ची बाबांच्या टेबलाशेजारी ओढून जोरजोरात झुलत होती. “आई, हे काय?” “तुझ्या बाबांचा दिवा चालवतेय.” मुलानं गुपचूप साधं बटण बसवलं. आईची खुर्ची मात्र तिथून हलली नाही.