वाळूचं घड्याळ

मेंढरं चरायचं रान कारखान्यानं घेतलं, तेव्हा घरातल्या एकाला नोकरी कबूल झाली होती. त्या नोकरीसाठी कस्तुराबाईची कारखान्याच्या शहरातल्या हापिसात ही पाचवी खेप. विद्यापीठाच्या नामांतराच्या बंदमुळं एसटी नव्हती, म्हणून बारावी झालेल्या लेकीला, सरूला घेऊन ती लासूर स्टेशनहून रेल्वेनं आली.

तिथल्या कारकुनानं, काकासाहेब बाबूनं, मान वर न करता नव्या कॉम्प्युटरकडं बोट केलं. "ते वाळूचं घड्याळ दिसतंय ना? मशीन तुमचीच यादी काढतंय. घड्याळ गेल्याबगर मला बी काय करता येत नाय. निघा आता, डोकं खाऊ नका."

बाकीची माणसं त्या घड्याळालाच हात जोडून परत जायची. कस्तुराबाईचा जन्म मात्र मेंढरांमागं गेलेला. कळप अडला की ती आधी हाकणाऱ्याचा हात बघायची. आणि ती दारात दिसली की बाबूचा हात दरखेपेला माऊस पडद्यावरच्या तेवढ्या एका चौकटीत सरकवायचा, आणि घड्याळ तिथंच उगवायचं.

ती टेबलाला वळसा घालून गेली आणि त्याच्या हातातला माऊस हिसकून बाजूला ओढला. चौकट सुटली तसा घड्याळाचा बाण झाला.

"आता वाळू कुठं गेली रं, मुडद्या?"

बाबू पडदा झाकायला उठला. तोवर सरूनं शेजारच्या चौकटीतली कामगारांची हजेरी वाचली होती.



"माय, हितं माझं नाव हाय. मी तीन महिन्यांपास्नं रोज कामाला येतीय."