बरण्यांचा मान

"कुणाची कुठली ते मला सांगायचं नाही," म्हणत सासूबाईंनी ओट्यावर दोन दोरे टाकले. एक लाल, एक पांढरा. "आपापल्या बरणीला बांधा. मी दोन्ही चाखीन. जिची सरस, तिच्याकडे यंदापासून बरण्या. पुढचं सगळं तिनं बघायचं."

दोन्ही सुनांनी मान डोलावली.

बरण्या म्हणजे छत्तीस. सुट्ट्या लागल्या की या घरातून छत्तीस घरांना केळ्यांचा गोड पाव जायचा, काचेच्या बरणीतच भाजलेला. बरणीला आतून लोणी चोळायचं, पीठ अर्ध्यापर्यंतच भरायचं, ओव्हनमधून काढल्या काढल्या कढत बरणीला झाकण लावायचं. चाळीस वर्षं सासूबाईंनी हे एकहाती केलं. आता त्यांची मनगटं सुजायची, पीठ ढवळता ढवळता मध्येच बसावं लागायचं. व्याही, भाचेजावई, अगदी दवाखान्यातले डॉक्टरसुद्धा विचारायचे, "तुमच्यामागं हे कोण करणार हो?" घराचा मान होता तो. असा मान कुणाच्याही हातात देऊन भागत नाही, आणि देऊ केलेला नको म्हणायची तर सोयच नाही.

थोरली बावीस वर्षं सासूबाईंच्या हाताखाली होती. दिवसभर शिवणाच्या कारखान्यात उभी, संध्याकाळी ओट्याशी उभी. धाकटीला या घरात येऊन सहा वर्षं झाली होती. ती बँकेतून यायची आणि खांद्यावरची पर्स न काढताच भाजी चिरायला घ्यायची.

गेले तीन दिवस थोरलीला धड झोप नव्हती. आजचा निकाल तिला नशिबावर सोडायचा नव्हता.

"ताई, तुमचाच नंबर लागणार बघा," धाकटी केळी कुस्करत म्हणाली. "माझा हात कुठे बसलाय अजून?"

"असं काही नसतं गं. तुझ्या हाताला चव आहे. सगळे म्हणतात."

"सगळे म्हणजे कोण?"

"तुझा नवराच म्हणतो की."

"तो? तो उकळलेल्या पाण्यालासुद्धा वा म्हणतो!"

"कौतुकं नंतर करा," सासूबाई बाहेरच्या खोलीतून ओरडल्या. "चमचा जड वाजतोय. दूध घाला थोडं. पाय गेले माझे, कान नाही गेले."

धाकटी हात धुवायला नळाकडे वळली. थोरलीने सोड्याचा डबा उघडला. लाल दोऱ्याची बरणी ज्या भांड्यापुढे होती, त्या भांड्यात तिने एक चमचा सोडा टाकला. क्षणभर अंदाज घेतला. आणखी पाव चमचा टाकला आणि भराभर ढवळलं. धाकटी वळली तेव्हा ती ओटा पुसत होती.

बरण्या ओव्हनमध्ये गेल्या.

"ताई, तुम्ही जरा टेका. मी बघते इकडे."

"नक्की?"

"तुमचे डोळे बघा आधी, पार आत गेलेत."

थोरली खुर्चीत टेकली आणि तिचा डोळा लागला. पाव भाजायला पाऊण तास लागायचा. अर्धा तास होतो न होतो तोच धाकटीने ओव्हनचं दार हळूच उघडलं आणि पांढऱ्या दोऱ्याची बरणी बाहेर काढली. पाव झाला की नाही ते त्यात विणायची सुई खुपसून बघायची, अशी या घरची रीत. सुई खिळ्याला लटकत राहिली. धाकटीने खुर्चीकडे एकवार पाहिलं आणि आवाज न करता झाकण फिरवलं.

बरण्या निवल्यावर सासूबाई टेबलाशी येऊन बसल्या. सुना समोर उभ्या राहिल्या.

आधी त्यांनी लाल दोऱ्याची बरणी ताटलीत उपडी केली. पाव अख्खा निसटून आला. उंच, तपकिरी, कुठे चीर नाही. त्यांनी तुकडा कापला, सावकाश चावला, दुसरा कापला. मग पांढऱ्या दोऱ्याची. सुरीला ओलं पीठ लागून आलं. तोही तुकडा त्यांनी खाल्ला. तोंडावरची रेघ हलली नाही.

"लाल कुणाची?"

"माझी," थोरली म्हणाली.

"आणि ही माझी," धाकटी म्हणाली.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. थोरलीने पांढऱ्यातला तुकडा तोंडात टाकला, धाकटीने लालमधला. थोरलीच्या दातांना कच्चं पीठ चिकटलं. धाकटीचं तोंड कडू झालं.

"ताई," धाकटी पुटपुटली, "तुम्हीसुद्धा?"

थोरलीने तिच्याकडे बघायचं टाळलं. "आई, माझी पार कडू झालीय. धाकटीकडेच द्या बरण्या."

"भलतंच! माझी कच्ची आहे आई, दिसतंय की समोर! ताईंची निदान भाजली तरी गेलीय."

"भाजून काय उपयोग? तोंडात धरवत नाही."

"आणि माझी गिळवत नाही!"

"पुरे." सासूबाईंनी आणखी एक तुकडा उचलला. "कच्चं ठेवायला अक्कल लागत नाही. पण बाहेरून एवढा देखणा, आतून जीभ सोलून निघेल एवढा कडू, आणि बरणीच्या काठावर थेंब उतू गेलेला नाही! सोड्याचा एवढा अंदाज यायला हात तयार असावा लागतो. थोरले, बरण्या तुझ्या."

थोरली मटकन खुर्चीत बसली.

सासूबाई लाल बरणीचा पाव तुकडा-तुकडा करून खात राहिल्या. शेवटचा तुकडा त्यांनी तोंडात घातला, चावला आणि पाण्याकडे न बघता गिळला.

"माझ्या वेळी मी मीठ ओतलं होतं," त्या म्हणाल्या. "माझ्या सासूनेही असाच संपवला होता, अख्खा."