टॉवेलांमागे

यादी लावली आणि लेन ग्रिमशॉने पळ काढला.

शुक्रवारी दुपारी बाराला, शनिवारच्या सामन्यात कोण खेळणार त्यांची नावं ड्रेसिंग रूमबाहेरच्या फळ्यावर लागायची. लेनने चार टाचण्या टोचल्या आणि सरळ कपडे धुवायच्या खोलीत घुसला. पन्नाशीचा माणूस, फुटबॉल क्लबचा मॅनेजर, याच क्लबसाठी एकेकाळी दीडशे गोल मारलेला. आणि लपला कुठे, तर वाळत घातलेल्या टॉवेलांमागे!

"काय केलंस रे आता?" ईनिडबाईंनी विचारलं. खेळाडूंचे कपडे धुण्यात बाईंची पस्तीस वर्षं गेली होती. लेनला त्या पोरवयापासून ओळखत होत्या.

"बॅरीचं नाव काढलंय. राखीवांतही नाही."

"त्याला सांगितलंस?"

लेनने पुढचा टॉवेल तोंडासमोर ओढून घेतला.

बॅरी क्लेग त्याचा सेंटर फॉरवर्ड. गुडघे गेलेले, उद्याचा सामना त्याचा शेवटचा. मंगळवारी लेननेच त्याच्या खांद्यावर हात टाकून म्हटलं होतं, "शनिवारी तूच. बाबांना बोलावून घे." म्हातारा तिकडे हल शहरातून यायला निघालाही होता. पण उद्या हरलं तर क्लब खालच्या विभागात जाणार, आणि बॅरीच्यानं आता धावणं होत नव्हतं. निर्णय बरोबरच होता. तो तोंडावर सांगायची छाती मात्र झाली नाही.

लेनलाही एकदा असंच फळ्यावरूनच कळलं होतं. आपलं नाव त्याने तीनदा वरपासून खालपर्यंत शोधलं होतं. त्या दिवशी पबमध्ये टेबलावर मूठ आपटून म्हणाला होता, "मी मॅनेजर झालो ना, तर माणसाला समोर बसवून सांगेन!"

"तुझ्या वेळचे मॅनेजर, स्टब्ससाहेब, तेही इथेच उभे राहायचे," बाई म्हणाल्या. "तुझं नाव काढलं तेव्हा तर तासभर."

लेनचे कान तापले. त्या स्टब्सला भेकड, भेकड म्हणून त्याने वीस वर्षं शिव्या घातल्या होत्या. शी! जातो बाहेर, आत्ताच जातो, असं म्हणून त्याने पाऊल उचललं, तोच दार उघडलं.

बॅरी होता. लेन होता तिथेच थिजला.

"बाई, बॉस दिसले का?"

"इथे कशाला येतील ते?" ईनिडबाईंनी मान वर केली नाही.

बॅरी क्षणभर टॉवेलांकडे बघत राहिला. ते जेमतेम लेनच्या गुडघ्यापर्यंत पोचत होते.

"भेटले तर सांगा, मी काही भांडायला आलो नव्हतो. बाबा येतायत ते येतीलच. मी बसेन त्यांच्याशेजारी, मजेत बघू दोघं."

"सांगते हो."

तो वळला, दारापाशी थांबला.

"आणि त्यांच्या बुटाची नाडी सुटलीय, तेवढं सांगा. पडतील बिचारे."

दार हलकेच लागलं. लेनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ईनिडबाई हसल्या असत्या तरी चाललं असतं. त्या हसल्या नाहीत. त्याच्याकडे पाठ करून घड्या घालत राहिल्या, आणि लेनला खाली वाकून नाडीसुद्धा बांधवेना.