शेजारची सीट

भाऊसोंनी तीस वर्षं फोंडा घाटातून एसटी चालवली. फाल्गुनात कुसुंबाला लाल पालवी फुटली की प्रवासी खिडक्यांना चिकटायचे. भाऊसो मात्र रस्ता सोडून कुठंच बघायचे नाहीत. त्यांचं ते बघणं राहून गेलं, म्हणून रिटायर झाल्यावर लेकीनं, दीक्षानं, त्यांना आपल्या नव्या मारुतीत शेजारी बसवून आणलं.

पहिलं वळण. भाऊसोंचा पाय ब्रेक शोधत होता.

दुसरं वळण.

"आबा, रस्ता मी बघतीय. तुमी झाडं बघा की."

त्यांनी मान वळवली. खालपर्यंत दरी लालभडक पेटली होती. भाऊसोंनी दाराचं हँडल घट्ट धरलं.

"आवडलं न्हाय व्हय?"

"एवढी खोल हाय?" त्यांनी मान परत रस्त्याकडं फिरवली. "रोज पन्नास माणसं घिऊन हितनंच जात हुतो, पोरी. बरं झालं, तवा बघितलं न्हाय."